सराव किती तास, यापेक्षा मुलगी झोपली किती, ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर जिल्ह्यातल्या एका धावपटू मुलीचं कौतुक छापून आलं होतं. तिचं यश मोठं आहे, आईवडिलांचे कष्टही खरे आहेत, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण मथळ्यातच 'रोज सहा तास घाम गाळते' असं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्या बातमीचं कात्रण घेऊन आमच्या शाळेतले दोन पालक माझ्यासमोर उभे राहिले. एकांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, ही पोरगी बघा. आणि आमची पोर तुमच्या मैदानावर निम्मा वेळ नुसती बसून असते की ओ." मी त्यांना तोंडी सांगितलं, पण ते समाधानानं गेले नाहीत. त्यांच्यासारखे पालक जिल्हाभर असतील, म्हणून हे पत्र.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलींच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं क्रीडाशिक्षिका आहे. शंभर मीटर, दोनशे मीटर आणि रिले, एवढंच मी मन लावून शिकवते. मुली बसून असतात हे खरं आहे. मी बसवते म्हणून बसतात.

साठ मीटर पूर्ण जोरात पळायला आमच्या मुलींना आठ-नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात स्नायूंत साठलेलं क्रिएटिन फॉस्फेट नावाचं इंधन बरंचसं खर्ची पडतं. अर्ध्या मिनिटात ते साधारण निम्मं भरून येतं, पण पुरतं भरायला तीन ते पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त लागतात. शिवाय मेंदूकडून स्नायूंना जो हुकूम जातो, तो तितक्याच जोरानं पुन्हा जायला आणखी थोडा वेळ हवा असतो. म्हणून वेगाचे प्रशिक्षक एक ढोबळ हिशेब धरतात, दहा मीटरला एक मिनिट. साठ मीटर पळालीस, आता सहा मिनिटं बस. दोन मिनिटांत पुन्हा पळवली तर मुलगी पळेल, घामही भरपूर गाळेल, बघणाऱ्यालाही बरं वाटेल. पण तो वेगाचा सराव नसतो, दमलेल्या पायांनी हळू पळायची सवय असते. आणि असा एक जोरदार सराव झाला की पुढच्या जोरदार सरावापर्यंत किमान ४८ तास जाऊ द्यावे लागतात. मधल्या दिवशी हलकं काम. सहा तासांचा हिशेब यात कुठे बसवायचा?

पूर्ण वेगात पाय जमिनीला टेकतो तो जेमतेम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतका. उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांत शंभर मीटर पार केले ते ४१ पावलांत. आमच्या मुलींना पन्नासच्या वर पावलं लागतात. थकलेला पाय दर पावलाला डोळ्याला दिसणारही नाही इतका जास्त वेळ जमिनीला चिकटून राहिला, तरी पन्नास पावलांत पाव सेकंद कुठल्या कुठे जातो. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळ्यांतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं, हे माझ्या पिढीतल्या कोणालाही आठवण करून द्यायला नको.

हे सगळं मला आधी कळलं असतं तर फार बरं झालं असतं. २०१५ च्या एका शालेय स्पर्धेत दहावीतली एक मुलगी माझ्या संघात होती. तिला थोरली म्हणते, कारण तिची धाकटी बहीण आज माझ्याकडे पळते. स्पर्धेच्या आधी सलग चार दिवस मी तिला पूर्ण जोरात पळवलं होतं. स्पर्धा एकाच दिवसाची. सकाळी शंभरची हीट म्हणजे पहिली फेरी, मग सेमी, मग दोनशेची हीट. लांब उडीला कोणी नव्हतं म्हणून तिथेही तीच. दुपारी शंभरची फायनल आणि शेवटी रिले. सकाळी स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, बांधता बांधता ती म्हणाली होती, "बाई, पाय जड वाटायलेत." मी म्हणाले, "वॉर्मअप कर, मोकळे होतील." रिलेत तिसरा टप्पा तिचा होता. वळणावरून बाहेर पडताना तिनं एकदम उजवी मांडी मागून धरली, दोन पावलं लंगडत गेली आणि बसली. बॅटन घरंगळत आतल्या लेनमध्ये गेलं. मांडीमागचा स्नायू, ज्याला आपण हॅमस्ट्रिंग म्हणतो, तो फाटला होता. पाय पुढे फेकल्यावर खाली आणताना हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावण्याचं काम करतो, म्हणून वेगाच्या धावपटूंत तोच सगळ्यात जास्त दुखावतो. लंडनला २०१७ मध्ये बोल्ट आपल्या शेवटच्या रिलेत कोसळला तोही मांडी धरूनच. पण त्याच्यामागे फिजिओ, डॉक्टर, सगळे होते. आमच्या थोरलीमागे मी होते आणि बर्फाची पिशवी होती. त्या वर्षी ती बेंचवर पाय लांब करून बसून पूर्वपरीक्षा लिहीत होती. पुन्हा ती धावली नाही. त्याचा दोष मी दुसऱ्या कोणावरही टाकलेला नाही.

त्यानंतर मी शोधायला लागले की मुलीचे पाय जड आहेत हे तिनं सांगायच्या आधी मला कसं कळेल. शहरातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी वेळ दिला, काही वाचायला दिलं. पहिल्यांदा मी मुलींना सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायला लावली. ताप येणार असेल, झोप झाली नसेल, तर नाडी वाढलेली दिसायची. पण आदल्या दिवशीच्या जोरदार सरावानं पाय निर्जीव झालेत, हे नाडीवर नीट उमटत नव्हतं. लांब पल्ल्याच्या धावपटूंना ती जास्त उपयोगी पडते, असं माझं मत झालं.

स्टॉपवॉचवरही भरवसा ठेवता येत नाही. बंदुकीचा धूर बघून अंगठा दाबायचा, मग फीत ओलांडताना पुन्हा दाबायचा. हातानं घेतलेली शंभरची वेळ विजेरी वेळेपेक्षा साधारण ०.२४ सेकंदानं कमी येते, असं अॅथलेटिक्समध्ये धरतातच. काल १३.५ आणि आज १३.७ आली, तर मुलगी दमली की माझा अंगठा उशिरा पडला, ते कसं सांगणार?

शेवटी भिंत कामाला आली. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागची भिंत आम्ही चुन्यानं रंगवली आणि त्यावर सेंटिमीटरच्या रेघा मारल्या. वॉर्मअप झाला की प्रत्येक मुलगी बोटांना खडू लावते, भिंतीला कडेनं उभी राहून हात वर करून एक खूण करते, मग जागच्या जागी गुडघे वाकवून जितकं उंच जाता येईल तितकं जाऊन दुसरी खूण करते. तीन उड्या, त्यातली सगळ्यात उंच वहीत. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तिची त्या दिवसाची उडी. स्नायूंतला जोर आणि मेंदूचा हुकूम दोन्ही ताजे असले की ही उडी नेहमीच्या जागी येते, नसले की खाली येते. मोठमोठ्या संघांत हेच काम जमिनीत बसवलेल्या, पायांचा जोर मोजणाऱ्या महागड्या पट्टीवर करतात. प्रत्येक मुलीची तीन आठवड्यांची सरासरी मी वहीत लाल शाईनं लिहिते. त्याच्या तीन सेंटिमीटर खाली गेली तर त्या दिवशी तिला पूर्ण जोरात पळवायचं नाही. पाच खाली गेली तर स्पाइक्स पिशवीतच.

आणि उलटंही दिसलं. धाकटीची भिंतीवरची आजवरची सर्वात उंच खूण आणि तिची शंभरची सर्वात चांगली वेळ एकाच दिवसाची आहे. त्याआधीचे दोन दिवस मी तिला फक्त चालायला आणि बॅटन देणं-घेणं करायला लावलं होतं. रागावली होती माझ्यावर.

भिंतीबरोबर मुलीला विचारणंही हवंच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा असं दिसलं की खेळाडूनं स्वतः सांगितलेला थकवा, झोप, मनःस्थिती हे रक्त-नाडीच्या मोजमापांपेक्षा सरावाचा भार जास्त चोख दाखवतात. ते वाचून मी चार प्रश्नांचा छापील कागद केला. महिनाभर सगळ्या मुलींनी सगळीकडे पाचपैकी पाच लिहिलं. का, तर कमी लिहिलं की बाई संघातून काढतील. मग मी कागद बंद केला. आता वर्गाच्या दाराआड प्रत्येकीच्या नंबराची एक रिकामी डबी आहे आणि शेजारी गाडगंभर चिंचोके. आल्याबरोबर अंग किती ताजं वाटतंय त्याप्रमाणे एक ते पाच चिंचोके आपल्या डबीत टाकायचे. कोणी बघत नाही, कोणी बोलत नाही. संघाची निवड आणि चिंचोके यांचा संबंध नाही, हे मी सर्वांसमोर सांगितलं आणि पाळलं. दोन-तीन आठवड्यांत डब्या खरं बोलू लागल्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहिते आहे ती सांगते.

२०२४ चा उन्हाळा लागायच्या आधीच उजनी धरण उणे पातळीत गेलं होतं, ते दिवस. माझ्या वहीत चार मुलींची उडी अधूनमधून एकदम कोसळायची, चार-पाच सेंटिमीटर, आणि डबीत दोन चिंचोके. मला वाटलं मंगळवारचा सराव जड होतोय. मी तो निम्मा केला. काही फरक नाही. गुरुवारचा बदलला, तरी नाही. ठरावीक वार नव्हताच. एका रात्री वही घेऊन बसले आणि नावांपुढे प्रत्येकीची गल्ली लिहिली. तेव्हा लख्ख दिसलं. एका गल्लीतल्या दोघींची उडी नेमकी एकाच दिवशी पडत होती. दुसऱ्या वस्तीतल्या दोघींची वेगळ्या दिवशी, पण दोघींचीही बरोबरच. सकाळी विचारलं तर एक म्हणाली, "बाई, रात्री पाणी आलं होतं."

पाणी चार-पाच दिवसांआड, तेही रात्री दीडला, कधी तीनला. दाब नसतो म्हणून नळ खड्ड्यात. खड्ड्यात उतरून तांब्यानं घागर भरायची, वर द्यायची, जिन्यावरून माळ्यावर न्यायची. दोन-अडीच तास हेच. त्याआधी रात्री अकरापर्यंत आईशेजारी बसून विड्या वळण्यासाठी पानं कापलेली असतात, कारण हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय मजुरी नाही. आणि सकाळी साडेपाचला मी शिट्टी वाजवून तिला म्हणणार, ब्लॉकवर, म्हणजे सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यांवर, ये.

मी त्या घरांत गेले. एका आईनं शांतपणे विचारलं, "मग घागरी कोण उचलायचं, बाई?" तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता, पाठ धरलेली होती. तिला झोपेचं महत्त्व काय सांगणार? मी काही बोलले नाही. परत येऊन सरावाच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता लावला. कुठल्या वस्तीत पाणी कधी, ते मुली स्वतः लिहितात. ज्या रात्री पाणी, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलींना पळायचं नाही. चालणं, अंग मोकळं करणं, बॅटन हातात देणं-घेणं एवढंच. दोन घरांत पुढे मोठा भाऊ उठायला लागला, तेही मी सांगून नव्हे, तक्ता बघून. सकाळी साडेपाचचा सरावही मी हंगामात बंद करून संध्याकाळी पाचला नेला. 'पहाटे उठेल तोच खेळाडू' असं म्हणणारे माझ्यावर नाराज आहेत. पण चौदा ते सतरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, ती पहाटे साडेचारला उठून कुठून मिळणार? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या मुलांना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात घालवायला लावलं, तेव्हा मैदानावरच्या ठरावीक धावेची त्यांची सरासरी वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच शाळकरी खेळाडूंच्या पाहणीत आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट दिसली. यासाठी सिंथेटिक ट्रॅक लागत नाही.

सोलापूरकरांना सांगायची आणखी एक गोष्ट म्हणजे लेझीम. गणपतीच्या आधी तीन-चार आठवडे आमच्या निम्म्या मुली मंडळाच्या लेझीम सरावात असतात आणि तिकडून घामाघूम होऊन येतात. त्याच सुमारास शालेय स्पर्धांचा हंगाम तोंडावर असतो. मी स्वतः लेझीम खेळत वाढले, ती बंद करा असं मी कधी म्हणणार नाही. फक्त दोन तास वाकून-उठून खेळलेली लेझीम मी वहीत सराव म्हणून लिहिते, कारण पोटऱ्यांना ती सरावच असते.

आणि एक मुलगी अशी होती की पाणी नाही, लेझीम नाही, तरी आठवड्यामागून आठवडे उडी खाली आणि डबीत दोनच चिंचोके. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बारा हवं तिथे साडेआठ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला आहे, म्हणजे ती काही वेगळी नव्हती. शाळेत मिळणाऱ्या निळ्या लोहाच्या गोळ्या ती पोटात मळमळतं म्हणून मागच्या बाकाखाली टाकत होती. डॉक्टरांनी उपचार केले, आता गोळी जेवणानंतर माझ्यासमोर घेते. मोठ्या मुलींच्या नावापुढे पाळीच्या दिवशी मी वहीत एक टिंब काढते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, ते कळल्याशिवाय उडी का पडली ते कळत नाही.

वही सुरू केल्यावर मागच्या तीन हंगामांत माझ्याकडे एकाही मुलीची मांडी फाटलेली नाही. ते वहीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मुली थोड्या आहेत. पण वही बघितल्याशिवाय मी आता कोणालाही ब्लॉकवर बसवत नाही. आमच्याच मैदानावर पोलीस भरतीची मुलं येतात. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांचे मिळून ५० गुण, म्हणून रोज तिन्ही पूर्ण जोरात. भरतीच्या पंधरा दिवस आधी मांडीला पट्टी बांधून बसलेली मुलं मी दर वर्षी बघते. त्यांना कोणी तरी हे सांगावं.

स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पावसानं दिवस वाया जातात, मैदान एकच असतं, पंचांना वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे, मीही पंच म्हणून उभी राहिले आहे. तरी शंभर आणि दोनशेच्या फायनल वेगवेगळ्या दिवशी ठेवा. ते जमतच नसेल तर दोन शर्यतींत निदान दीड-दोन तास द्या आणि रिले दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. क्रीडाशिक्षक बंधुभगिनींनी एकाच मुलीला सगळ्या प्रकारांत उतरवून शाळेचे गुण वाढवू नयेत. मी ते केलेलं आहे, म्हणून सांगण्याचा अधिकार आहे असं समजते.

आणि संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना सांगा, पुढच्या धावपटूची मुलाखत घेताना सरावाच्या तासांबरोबर ती किती तास झोपते, आठवड्यात किती दिवस पळत नाही, हेही विचारून छापावं. ते कात्रणही पालक माझ्याकडे घेऊन येतील.

थोरली आता दोन लेकरांची आई आहे. मागच्या महिन्यात धाकटीला न्यायला आली तेव्हा टाकीमागच्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. मग चप्पल काढली, बोटांना खडू लावला आणि एक उडी मारली. पदर खोचून, डाव्या पायावर जास्त भार देऊन. मी ती खूण पुसलेली नाही.

कोणा शिक्षकाला भिंत आणि वही बघायची असेल तर संध्याकाळी पाचला शाळेत यावं. खडू, फीत, चिंचोके सगळं इथे आहे. मुली पळताना बघायच्या असतील तर मात्र येण्याआधी विचारावं, कारण पाण्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पळणं नसतं.

आपली नियमित वाचक,
एक क्रीडाशिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर